बॅरिस्टर अंतुले आणि एका कार्यकर्त्याचा खटला

देशातील कोणत्याही विधी महाविद्यालयात फौजदारी कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. भ्रष्ट मंत्र्याविरुद्ध सामान्य नागरिकाला थेट न्यायालयात फिर्याद दाखल करता येते का? पद गेल्यावरही खटल्यासाठी सरकारची पूर्वमंजुरी लागते का? सर्वोच्च न्यायालयाला स्वतःचाच आदेश पुढे चुकीचा वाटला तर तो मागे घेता येतो का? आरोपीला शीघ्र सुनावणीचा हक्क आहे का? या चारही प्रश्नांची उत्तरे ज्या निकालपत्रांत आहेत, त्यांच्या शीर्षकात अंतुले यांचे नाव आहे. लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन आलेल्या, महाराष्ट्राचे विधी व न्याय खाते सांभाळलेल्या आणि पुढे मुख्यमंत्री झालेल्या या गृहस्थांनी भारतीय कायद्यात अशी मोलाची भर घातली. फरक एवढाच की, ती त्यांनी वकिलाच्या जागेवरून घातली नाही, आरोपीच्या जागेवरून घातली.

हे स्मरण आज करण्याचे कारण आहे. २ डिसेंबर २०१४ रोजी वयाच्या ८५व्या वर्षी अंतुले यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हापासून महाराष्ट्रात त्यांची एक आख्यायिका रुजवली जात आहे. धडाडीचा मुख्यमंत्री, जागच्या जागी फाइलवर सही करणारा, नोकरशाहीला वठणीवर आणणारा, सिमेंटच्या एका किरकोळ प्रकरणात ज्याचा बळी घेतला गेला असा उमदा नेता, असे त्यांचे चित्र रंगवले जाते. राजकारणात ‘निर्णयक्षमता’ हा शब्द परवलीचा झाल्यापासून तर या चित्राला अधिकच तेज चढले आहे. प्रशासनाची दिरंगाई पाहून वैतागलेले आपल्या विचारांचे काही लोकही अंतुल्यांचा दाखला देतात, तेव्हा मात्र जुनी कागदपत्रे उघडणे भाग पडते.

अंतुले यांच्या पदरात जे टाकायला हवे, ते आधी टाकू. रायगड जिल्ह्यातील आंबेत या गावात जन्मलेला मुलगा राज्याच्या सर्वोच्च राजकीय पदावर पोहोचला, ही वाटचाल सामान्य नव्हती. जून १९८० ते जानेवारी १९८२ या जेमतेम दीड वर्षाच्या काळात त्यांनी निराधारांना मासिक अनुदान देणारी योजना आणली. ती आजही चालू आहे आणि अनेक म्हाताऱ्या, विधवा, अपंगांचा आधार आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादमधून जालना हे जिल्हे वेगळे झाले. कुलाबा जिल्ह्याला छत्रपतींच्या राजधानीचे, रायगडाचे नाव मिळाले. भवानी तलवार इंग्लंडहून परत आणण्याची घोषणाही त्यांनी केली होती. ती घोषणाच राहिली. अंतुले यांचे मूल्यमापन ते मुसलमान होते म्हणून कठोरपणे होते, असा आक्षेप त्यांचे चाहते घेत असतात. त्यांच्यावरील आरोपांचा त्यांच्या उपासनापद्धतीशी काडीचाही संबंध नव्हता. ज्या न्यायमूर्ती लेंटिन यांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला ते पारशी, ज्यांच्या याचिकेवर तो दिला त्यांत प्रा. सामंत यांच्यासारखे समाजवादी होते. हिंदुत्ववाद्यांनी रचलेला कट म्हणून हे प्रकरण उडवून लावण्याची सोय सेक्युलर मंडळींना नाही.

तरीही या माणसाची राजकीय घडण समजून घ्यायची तर १९८० पासून सुरुवात करून चालणार नाही. १९६२ मध्ये ते प्रथम आमदार झाले, पुढे मंत्री झाले आणि १९७६ मध्ये राज्यसभेत व काँग्रेसच्या सरचिटणीसपदावर गेले. तो आणीबाणीचा काळ होता. संघावर बंदी होती, हजारो कार्यकर्ते मिसाखाली तुरुंगात होते, आणि १९७५ च्या अखेरीस दिल्लीत एक निनावी टिपण फिरू लागले होते. राज्यघटनेकडे नव्याने पाहण्याच्या नावाखाली त्यात अध्यक्षीय पद्धतीची शिफारस होती. त्याहून भयंकर सूचना न्यायसंस्थेविषयी होती. राष्ट्राध्यक्षाच्या अध्यक्षतेखाली एक वरिष्ठ परिषद असावी आणि कायद्याचा व घटनेचा अर्थ लावण्याचा अधिकार त्या परिषदेकडे जावा, असे त्यात सुचवले होते. म्हणजे ज्याच्या कृतीची वैधता तपासायची, तोच तपासणाऱ्यांचा प्रमुख! या टिपणाशी अंतुले यांचे नाव तेव्हापासून जोडले गेले आहे. आपल्या घटनेच्या वाटचालीचा इतिहास लिहिणारे ग्रॅनव्हिल ऑस्टिन यांनीही या संदर्भात त्यांचे नाव घेतले आहे. सर्व बाजूंनी विरोध झाल्यावर ते टिपण बाजूला पडले. पण कायद्याचे शिक्षण घेतलेल्या एका लोकप्रतिनिधीच्या मनात न्यायालयांविषयी काय होते, याचा तो उघडा पुरावा ठरतो. न्यायालये सत्तेच्या दावणीला बांधावीत, ही ती भूमिका होती. पुढे स्वतःवर वेळ आली तेव्हा याच न्यायालयांच्या प्रत्येक दारावर, प्रत्येक पोटकलमाचा आधार घेऊन, अंतुले यांनी वर्षानुवर्षे थाप मारली, आणि न्यायालयांनी प्रत्येक वेळी दार उघडले. आणीबाणीतल्या त्या टिपणाप्रमाणे घटना बदलली असती तर त्यांना हे दार कोणी उघडले असते?

आता मूळ प्रकरण. त्या काळात सिमेंट हा नियंत्रित माल होता. घराची भिंत बांधायची तरी परवाना लागे आणि परवान्याची किल्ली सरकारच्या कनवटीला असे. अंतुले मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी न्यास स्थापन केले. त्यांत सर्वांत गाजलेला ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’. नावात पंतप्रधान, सूत्रे मुख्यमंत्र्यांच्या हाती, आणि देणगीदार कोण? सिमेंटच्या कोट्यासाठी मंत्रालयाचे उंबरठे झिजवणारे बांधकाम व्यावसायिक आणि ज्यांची प्रकरणे सरकारदरबारी प्रलंबित होती असे सहकारी साखर कारखाने. कलावंतांना मदत करणे हा उदात्त हेतू कागदावर होता. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि देशाला हा व्यवहार कळला. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. बख्तावर लेंटिन यांनी सिमेंटचे वाटप आणि देणग्या यांचा परस्परसंबंध असल्याचा निष्कर्ष नोंदवला. अंतुले यांना जावे लागले. योगायोग पाहा, त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले. परवाना-राज्यामुळे भ्रष्टाचार कसा पोसला जातो याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. नेहरूकालीन समाजवादाचे गोडवे आजही गाणाऱ्यांनी सिमेंटच्या त्या पोत्यावर काय छापले होते, ते एकदा वाचावे.

‘पैसा त्यांनी घरी नेला नाही, न्यासालाच दिला,’ हा युक्तिवाद तेव्हाही झाला आणि आजही होतो. यातला कावा ओळखला पाहिजे. अधिकाराच्या बदल्यात पैसा घ्यायचा आणि तो चांगल्या नावाच्या संस्थेत जमा करायचा, ही पद्धत लाच देण्याहून अधिक घातक आहे. लाच घेणारा निदान लपतो. इथे तर पावती मिळते, छायाचित्र निघते, देणगीदाराचा सत्कारही होतो. महाराष्ट्रातील शिक्षणसम्राटांची आणि सहकारमहर्षींची पुढची पिढी याच धड्यावर वाढली.

या ठिकाणी रामदास नायक यांचा प्रवेश होतो. नव्याने स्थापन झालेल्या भारतीय जनता पक्षाचे ते मुंबईतील नेते. पक्ष लहान, सत्ता दूर, समोर राज्याचा मुख्यमंत्री आणि त्याच्या पाठीशी केंद्रातील सत्ता. सप्टेंबर १९८१ मध्ये नायक यांनी राज्यपालांकडे मुख्यमंत्र्यांवर खटला भरण्याची मंजुरी मागितली. ती मिळण्यात जवळपास अकरा महिने गेले. जुलै १९८२ च्या अखेरीस, अंतुले पायउतार होऊन सहा महिने उलटल्यावर, राज्यपालांनी नायक यांनी मांडलेल्या अनेक मुद्द्यांपैकी मोजक्याच मुद्द्यांवर मंजुरी दिली. नायक थांबले नाहीत. मंजुरी मिळालेल्या आणि न मिळालेल्या, सगळ्याच मुद्द्यांवर त्यांनी विशेष न्यायाधीशांपुढे फिर्याद दाखल केली. न्यायालयात त्यांची बाजू राम जेठमलानी यांनी लढवली.

पहिला आक्षेप असा आला की, भ्रष्टाचाराच्या प्रकरणात खासगी नागरिकाला फिर्याद करण्याचा हक्कच नाही. हे काम पोलिसांचे. पोलीस कोणाचे? गृहखाते ज्यांच्या हाती, त्यांचे. हा आक्षेप मान्य झाला असता तर सत्ताधाऱ्यावर खटला भरण्याचा अधिकार सत्ताधाऱ्याकडेच राहिला असता. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो फेटाळला. फौजदारी कायद्याची चाके कोणताही नागरिक फिरवू शकतो, हे तत्त्व तेव्हा ठळकपणे प्रस्थापित झाले. आज कोणीही उठून एखाद्या मंत्र्याविरुद्ध विशेष न्यायालयात जातो, तेव्हा तो नायक यांनी मोकळ्या केलेल्या वाटेवरून चालत असतो. त्याला ते ठाऊक असो वा नसो.

दुसरा आक्षेप अधिक चतुर होता आणि त्यातच या वकील-आमदाराची खरी ओळख पटते. मुख्यमंत्रिपद गेले, पण अंतुले आमदार होतेच. त्यांच्या बाजूने सांगण्यात आले की, आमदार हा लोकसेवक आहे आणि लोकसेवकावर खटला भरायचा तर त्याला पदावरून दूर करू शकणाऱ्या सत्तेची मंजुरी हवी; तशी ती नसल्याने खटला चालणार नाही. जुलै १९८३ मध्ये विशेष न्यायाधीशांनी हे मान्य करून अंतुले यांना आरोपमुक्त केले. लोकसेवक या शब्दाचे हे विडंबन पाहावे. निवडणुकीच्या सभेत ‘मी तुमचा सेवक’ म्हणणारा नेता न्यायालयातही तेच म्हणतो. पहिल्या ठिकाणी मते हवी असतात, दुसऱ्या ठिकाणी कवच.

१६ फेब्रुवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे कवच काढून टाकले. न्या. देसाई यांनी लिहिलेल्या या निकालाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. भारतीय दंडविधानाच्या २१व्या कलमातील व्याख्येनुसार आमदार हा लोकसेवक नाही. आणि ज्या पदाचा दुरुपयोग झाला, ते पद न्यायालय गुन्ह्याची दखल घेते त्या दिवशी आरोपीकडे नसेल, तर मंजुरीची आवश्यकता नाही. मंजुरीची तरतूद कामावर असलेल्या अधिकाऱ्याला खोट्या फिर्यादींच्या जाचातून वाचवण्यासाठी आहे. ती गेलेल्या सत्तेची पेन्शन नव्हे, असा त्या निकालाचा मथितार्थ. नायक जिंकले.

मात्र या विजयात एक काटा होता आणि तो लपवण्याचे कारण नाही. आमदार लोकसेवक नाही म्हटल्यावर, आमदार म्हणून केलेल्या भ्रष्टाचाराला लोकसेवकांसाठीचा कायदा लावायचा कसा, हा प्रश्न उभा राहिला. एका आमदाराला गाठण्यासाठी सगळे आमदार कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्यासारखे झाले. १९८८ च्या नव्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने लोकसेवकाची व्याख्या विस्तारून ती फट बुजवण्याचा मार्ग दिला, आणि १९९८ मध्ये नरसिंह राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खासदार-आमदारांना त्या व्याख्येत आणले. पण त्याच निकालात, पैसे घेऊन सभागृहात मत देणाऱ्याला घटनेचे संरक्षण बहाल केले गेले! ही विसंगती दूर व्हायला ४ मार्च २०२४ उजाडावा लागला. सात न्यायाधीशांच्या पीठाने सीता सोरेन प्रकरणात लाचखोर मताचे ते संरक्षण काढून घेतले. ज्या प्रश्नाला अंतुले प्रकरणाने तोंड फोडले, त्याचे पूर्ण उत्तर मिळायला चाळीस वर्षे लागली.

१९८४ च्या निकालातच सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक आदेश दिला होता. आधीच बराच विलंब झाला आहे, म्हणून खटला विशेष न्यायाधीशांकडून काढून मुंबई उच्च न्यायालयाकडे सोपवावा. हेतू शुद्ध होता, गती यावी. उच्च न्यायालयात साक्षी सुरू झाल्या. मांडलेल्या त्रेचाळीस दोषारोपांपैकी एकवीसच ठेवून बाकीच्यांतून आरोपीला मोकळे केले गेले, तेव्हा नायक पुन्हा दिल्लीला गेले आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या बावीस आरोपांवरही खटला चालवण्यास सांगितले. यानंतर बॅरिस्टरसाहेबांनी नवा मुद्दा काढला. १९५२ च्या कायद्याप्रमाणे अशा खटल्याचा अधिकार केवळ विशेष न्यायाधीशांना आहे. उच्च न्यायालयाकडे तो सोपवणे हाच आपल्यावर अन्याय आहे, कारण इतरांना मिळणारा अपिलाचा एक टप्पा आपला हिरावला जातो. २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने हे म्हणणे स्वीकारले आणि चार वर्षांपूर्वीचा स्वतःचाच आदेश रद्द केला. न्यायालयाच्या चुकीने कोणाचे नुकसान होऊ नये, हे त्यामागचे तत्त्व. तत्त्व म्हणून ते निर्दोष आहे. परिणाम काय झाला? सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. आणि त्यानंतर हेच गृहस्थ, खटला फार लांबला म्हणून तो रद्द करावा, अशी मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले! १० डिसेंबर १९९१ रोजी त्या याचिकेवर दिलेला निकाल शीघ्र सुनावणीच्या हक्काचा देशातला प्रमुख निकाल मानला जातो. आज तुरुंगात खितपत पडलेल्या गरीब कच्च्या कैद्याचा वकील त्याचा आधार घेतो, ही त्यातली चांगली बाजू.

अंतुले यांना या प्रकरणात कोणत्याही न्यायालयाने तुरुंगात पाठवले नाही, हे सत्य नोंदवलेच पाहिजे. त्यांच्या चाहत्यांना ते पुरेसे वाटते. मात्र, दोषी ठरणे आणि दोषाचा निवाडाच होऊ न देणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सहा-सात वर्षे हा खटला ‘तुम्ही हे केले का’ या प्रश्नापाशी स्थिर राहू शकला नाही. तो फिरत राहिला ‘मला हे विचारण्याचा अधिकार कोणाला’ या एकाच प्रश्नाभोवती. निरपराध माणूस सहसा पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला उत्सुक असतो.

काँग्रेसला याचे काहीच वाटले नाही. १९८९ मध्ये अंतुले लोकसभेत गेले, १९९५ मध्ये नरसिंह राव सरकारात केंद्रीय आरोग्यमंत्री झाले, आणि मनमोहनसिंग सरकारने २००६ मध्ये नव्याने निर्माण केलेल्या अल्पसंख्याक व्यवहार मंत्रालयाचे ते पहिले मंत्री झाले. त्या पदावर असतानाच त्यांनी आपल्या कारकिर्दीतील सर्वांत बेजबाबदार कृत्य केले.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर हे अधिकारी कामा रुग्णालयाजवळ हुतात्मा झाले. तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन कसाबला जिवंत पकडून दिले. जगासमोर पाकिस्तानचा चेहरा उघडा पडत होता आणि तो देश जबाबदारी झटकण्याच्या खटपटीत होता. नेमक्या त्याच वेळी, १७ डिसेंबरला, भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळातील एक बॅरिस्टर संसदेच्या आवारात उभे राहून करकरे यांच्या मृत्यूमागे दहशतवादाखेरीज आणखी काही असावे, त्यांना त्या दिशेला कोणी पाठवले, असे सूचित करते झाले. पुरावा? एकही नाही. मालेगाव तपासाकडे बोट दाखवून संशयाचे धुके सोडायचे, बाकीचे काम इतर करतात. गृहमंत्री चिदंबरम यांना लोकसभेत उभे राहून कटाची शक्यता फेटाळावी लागली. स्वपक्षीय गृहमंत्र्याने खोडलेला मंत्री तरीही मंत्रिमंडळात राहिला.

ते धुके विरले नाही. डिसेंबर २०१० मध्ये दिग्विजय सिंह यांनी करकरे यांच्या कथित दूरध्वनीची कथा सांगितली; त्याच सुमारास मुंबईच्या हल्ल्याचे खापर संघावर फोडणाऱ्या पुस्तकाच्या प्रकाशनाला ते व्यासपीठावर होते. त्या पुस्तकाच्या लेखकाने पुढे माफी मागितली. ज्या हल्ल्यासाठी कसाबला २०१२ मध्ये येरवड्यात फाशी झाली, ज्याचे सूत्रधार पाकिस्तानात बसले होते, त्याचे पाप आपल्याच देशातील राष्ट्रीय संघटनेच्या माथी मारण्याचा हा उद्योग. त्याचे पहिले बी सरकारी मोटारीतून उतरलेल्या मंत्र्याने पेरले होते.

करकरे यांच्या मालेगाव तपासाबद्दल हिंदुत्ववादी वर्तुळात रोष होता, तो कोणी दडवला नाही. पण ती लढाई न्यायालयात लढली गेली. सतरा वर्षे लागली. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष मुक्त केले. त्यांतल्या कित्येकांनी वर्षानुवर्षे तुरुंग भोगला. स्वतःवरील आरोपाच्या प्रत्येक शब्दासाठी पुरावा, मंजुरी, अधिकारक्षेत्र, अपिलाचा टप्पा मागणाऱ्या बॅरिस्टरांनी देशावरील हल्ल्याच्या प्रसंगी मात्र पुराव्याचा एक कपटा समोर न ठेवता जबाबदार पदावरून संशय उच्चारला. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतील कायद्याविषयीची दृष्टी या एका विधानात सामावली आहे.

रामदास नायक ते विधान ऐकायला नव्हते. ऑगस्ट १९९४ मध्ये वांद्र्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्याबरोबरचा पोलीस रक्षकही मारला गेला. ती हत्या मुंबईच्या गुन्हेगारी टोळीने घडवली. अंतुले खटल्याशी तिचा संबंध जोडण्याचे कारण नाही आणि कोणी जोडूही नये. मात्र ज्या माणसाच्या चिकाटीमुळे भ्रष्टाचाराच्या कायद्याला धार आली, त्याचे नाव निकालपत्रांत ‘आर. एस. नायक’ या आद्याक्षरांपुरते उरावे आणि ज्याच्यावर आरोप झाले त्याच्या नावे गौरवलेख निघावेत, ही महाराष्ट्राच्या स्मरणशक्तीची गत आहे. मुंबईत पक्षाच्या नव्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांना नायक कोण हे सांगता येईल?

आणि आता एक प्रश्न स्वकीयांनाच. १९८४ मध्ये नायक यांनी जिंकलेले तत्त्व असे होते की, पद गेल्यावर मंजुरीचे कवच उरत नाही. चौतीस वर्षे ते तत्त्व टिकले. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली आणि निवृत्त वा पायउतार झालेल्यांनाही, गुन्ह्याच्या काळात ज्या पदावर ते होते त्या संदर्भात, पूर्वमंजुरीचे संरक्षण मिळाले. जोडीला ‘१७ अ’ हे नवे कलम आले. अधिकृत कामात घेतलेल्या निर्णयाची नुसती चौकशी करायची तरी आधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी हवी. दुरुस्तीचे मूळ विधेयक काँग्रेसप्रणीत सरकारने २०१३ मध्ये राज्यसभेत आणले होते, हे खरे. ते मंजूर झाले तेव्हा मात्र सत्तेवर काँग्रेस नव्हती.

या दुरुस्तीच्या बाजूने सांगितले जाते त्यात तथ्य आहे. निर्णय घेणाऱ्या प्रामाणिक अधिकाऱ्याला दहा वर्षांनी एखाद्या फाइलवरच्या सहीसाठी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा छळच आहे, आणि त्या भीतीने सारे सरकार सही टाळू लागले तर देशाचे काम थांबते. परंतु प्रामाणिक सचिवाच्या नावाने बांधलेल्या या भिंतीआड माजी मंत्री का उभे राहावेत? सचिवाला बदलीची भीती असते. माजी मुख्यमंत्र्याच्या पाठीशी आमदार असतात, पैसा असतो, उत्तम वकील असतात. त्याच्यावर खटला भरू द्यायचा की नाही हे पुन्हा सरकारच ठरवणार असेल, तर सरकार बदलताच मंजुरी मिळणार आणि युती जुळताच ती अडकणार. महाराष्ट्रात कालचा आरोपी आज सहकारी होतो, हे सांगायला कोणा ज्योतिषाची गरज नाही. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या चौकशीसाठी केंद्राची परवानगी मागणारे दिल्ली विशेष पोलीस कायद्यातील कलम घटनाबाह्य ठरवले, तेही डॉ. सुब्रह्मण्यम स्वामी यांच्या याचिकेवर. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत तशाच परवानगीची अट सर्वच लोकसेवकांसाठी नव्या रूपात परत यावी, हे अनाकलनीय आहे.

निदान माजी मंत्र्यांना आणि लोकप्रतिनिधींना या संरक्षणातून वगळणारी छोटी दुरुस्ती संसदेला सहज करता येईल. तिला विरोध कोण करतो, तेही मग सभागृहात दिसेल. तोवर वस्तुस्थिती अशी आहे की, १९८२ च्या ऑगस्टमध्ये नायक यांनी ज्या आरोपांवर राज्यपालांची मंजुरी नसतानाही फिर्याद दाखल केली आणि घटनापीठाकडून ती ग्राह्य ठरवून घेतली, त्याच आरोपांसाठी आजच्या कायद्याखाली त्यांना राजभवनातून आलेले ते अपुरे मंजुरीपत्र घेऊन घरी जावे लागले असते.